पोरांचा सिनेमा आणि मामाची परीक्षकगिरी

ताई, नमस्कार.

कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. वय छत्तीस, लग्न व्हायचंय. कुस्त्यांचा नाद आहे, सिनेमातलं फार कळतं असा दावा नाही. दिवाळीत बहीण सांगलीहून माहेरी आली होती. तिची दोन पोरं, भाचा नऊ वर्षांचा आणि भाची साडेपाचची, यांना घेऊन मी ॲनिमेशनचा एक सिनेमा बघायला गेलो. हिंदीत डब केलेला. एक पोरगी, तिचा उडणारा अवाढव्य प्राणी, एक जादूचा खडा, एक राक्षस. परत येताना रिक्षात मी म्हणालो, 'निव्वळ बकवास.' आणि कारणंही सांगितली. एवढं मोठं धूड उडतंच कसं? खडा फक्त चांदण्यात चालतो असं आधी सांगितलं आणि शेवटी भर दुपारी चालवला. बोध काही नाही. सगळे नुसते बडबडतात. आणि राक्षस एवढा भयानक की भाची माझ्या मांडीवर चढून बसली. भाचा आधी वाद घालत होता, मग एकदम गप्प झाला. रात्री नीट जेवलासुद्धा नाही. बहीण उखडली. 'लहान मुलांचा सिनेमा तो, तुला कुणी परीक्षक नेमलं होतं? पोरांसाठी केलेल्या गोष्टीला मोठ्यांचं माप लावायचं नसतं,' म्हणाली. माझं म्हणणं, वाईट ते वाईट. आता भाचा फोनवर येत नाही. कोण बरोबर, ते तुम्हीच सांगा.

– एक मामा

*

मामा, नमस्कार.

तुमच्या पत्रात दोन भांडणं एकमेकांत गुंतली आहेत. सिनेमा वाईट होता का, हे एक. आणि तो वाईट आहे हे रिक्षातच सांगायची घाई होती का, हे दुसरं. दुसऱ्यात बहिणीचं बरोबर आहे, त्यावर फार बोलत बसत नाही. सिनेमा संपून दिवे लागले तरी नऊ वर्षांच्या पोराच्या डोक्यात तो चालूच असतो. घरी जाऊन पंख पसरून गादीवर उडी मारेपर्यंत तरी त्याला तिथे राहू द्यायचं होतं.

पहिल्या भांडणात मी तुमच्या बाजूला येते, पण सगळ्या मुद्द्यांवर नाही. तुम्ही पाच तक्रारी केल्यात. त्यातल्या दोन पक्क्या, दोन फुकाच्या आणि एक अर्धीमुर्धी.

त्याआधी बहिणीचं ते 'माप'. तुम्ही कुस्त्यांना जाणारे, म्हणून तिथलंच सांगते. मैदानात मोठ्या कुस्त्यांच्या आधी बारक्या पोरांच्या जोडी लागतात. वजन बघून जोड ठरते, इनाम लहान असतं. पण पाठ टेकली तरच टेकली. पोरगं लहान आहे, चालतंय की, असं म्हणून पंचाने अर्धवट कुस्ती निकाली दिली, तर पहिली बोंब त्या पोराचेच दोस्त मारतात. सिनेमाचंही तेच धरा. जोड वयाची बघायची, नियम तेच. बहीण जोडीबद्दल बोलतेय आणि तुम्ही नियमाबद्दल, आणि दोघांना वाटतंय समोरचा आपलंच खोडून काढतोय.

आता मुळात 'लहान मुलांचा' हा शिक्का मारतो कोण? चित्र काढून हलवलेलं आहे, म्हणजे पोरांचं, एवढाच आपला हिशेब असतो. ॲनिमेशन ही सिनेमा करायची एक पद्धत आहे, तिला वय नसतं. डिस्नेचा 'स्नो व्हाइट' १९३७ सालचा. तो ब्रिटनमध्ये गेला तेव्हा तिथल्या सेन्सॉरने त्याला 'ए' प्रमाणपत्र दिलं होतं, म्हणजे सोळा वर्षांखालच्या पोरांनी मोठ्या माणसाच्या सोबतीशिवाय यायचं नाही. पुढे १९८८ साली जपानच्या स्टुडिओ जिब्लीने एकाच दिवशी, एकाच तिकिटात दोन चित्रपट लावले. एक हायाओ मियाझाकींचा 'माय नेबर टोटोरो', दोन बहिणी आणि जंगलातला केसाळ, ढेरपोट्या जीव. दुसरा इसाओ ताकाहातांचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज', महायुद्धात उपाशी मरणाऱ्या भावाबहिणीचा. दोन्ही हाताने काढलेल्या चित्रांचे. पहिला तुमच्या भाचीला बिनधास्त दाखवा. दुसरा तिला दाखवू नका, आणि तुम्ही बघाल तेव्हा दुसऱ्या दिवशी सुट्टी असू द्या.

कोल्हापूरकराला तर हे सांगायची गरजच पडू नये. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेली माणसं, दामले, फत्तेलाल, यांनी १९२९ साली इथेच प्रभात उभी केली. कंपनी १९३३ मध्ये पुण्याला गेली आणि तिथे १९३६ साली या दोघांनी 'संत तुकाराम' केला. शेवटी वैकुंठाहून विमान उतरतं आणि तुकोबा त्यात बसून आभाळात जातात. सगळी करामतच. आमच्या आजीच्या पिढीने ते हात जोडून बघितलं. पोरं, सुना, म्हातारे एकाच बाकावर. एवढं विमान उडतंच कसं, असं त्या बाकावर कुणी विचारलं नाही आणि हा पोरांचा सिनेमा आहे असंही कुणी म्हणालं नाही.

म्हणजे तुमची पहिली तक्रार फुकाची निघाली. धूड उडतं, कारण त्या जगात ते उडतं. तिकीट काढलं तेव्हाच तुम्ही ते मान्य केलं. राक्षसाला दहा तोंडं असतील तर उशी किती लागते, हे विचारायचं नसतं.

चांदण्याच्या खड्याची तक्रार मात्र पक्की, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. अद्भुत कथेला काहीही चालतं, असं बऱ्याच जणांना वाटतं. उलट आहे. जे जग आपल्या ओळखीचं नाही तिथे बघणाऱ्याला धरायला एकच गोष्ट असते, त्या जगाने स्वतः सांगितलेला नियम. खडा चांदण्यात चालतो म्हटलं की दिवसाउजेडी संकट आलं तर पोरं खुर्चीच्या काठावर येतात, कारण आता काय करायचं हे खरंच कुणाला माहीत नसतं. तिथे भर दुपारी खडा चमकला, तर लेखकाने स्वतःची सुटका करून घेतली, पोरीची नाही. हे नऊ वर्षांच्या पोराला कळत नाही असं समजू नका. लपाछपीत 'राज्य' कुणावर आलं यावरून ही पोरं अर्धा तास भांडतात. नियम मोडल्याचं त्यांना बरोबर कळतं. शब्द नसतात एवढंच. ती म्हणतात, 'शेवट असाच होता.' पोर 'असाच' म्हणालं की समजायचं, कुठेतरी लबाडी झालीय.

चांगलं काम कसं असतं ते एका जागेवर बोट ठेवून दाखवते. मियाझाकींचा 'स्पिरिटेड अवे' (२००१) मिळाला तर बघा. चिहिरो नावाची दहा वर्षांची मुलगी देवदेवतांच्या हमामखान्यात अडकते. खाली भट्टीच्या खोलीत सहा हातांचा म्हातारा बसलाय आणि काजळीचे टीचभर गोळे, डोळे असलेले, कोळशाचे तुकडे डोक्यावर घेऊन भट्टीपर्यंत पळतायत. एक गोळा कोळशाखाली दबतो. चिहिरो तो कोळसा उचलते. आणि तो जड असतो! पोरगी दोन्ही हातांनी धरून वाकते, पाय लटपटतात, आता हा ठेवू कुठे म्हणून बघते. म्हातारा खेकसतो, हात घातलायस तर पुरं कर. ती अडखळत भट्टीपर्यंत जाते आणि कोळसा आत टाकते. तेवढ्यात बाकीचे गोळे बघतात की दबून पडलं की ही बाई आपलं काम करते, आणि सगळेच पटापट कोळशाखाली लोळायला लागतात.

यातली प्रत्येक गोष्ट खोटी आहे. काजळीला डोळे नसतात, म्हाताऱ्याला सहा हात नसतात. खरं आहे ते कोळशाचं वजन, आणि गोळ्यांचा कामचुकारपणा. कागदावरच्या रेषेला वजन नसतं, ते चित्रकाराला पोरीच्या गुडघ्यांतून आणि पाठीतून दाखवावं लागतं. सिनेमा सेकंदाला चोवीस चौकटींनी पळतो, एक चित्र दोन चौकटी धरून ठेवलं तरी सेकंदाला बारा चित्रं. त्यातलं एकही आपोआप येत नाही. शूटिंगच्या वेळी वारा आला आणि पदर हलला, असं ॲनिमेशनमध्ये होतच नाही. पदर हलला तर कुणीतरी तो हलवलाय. म्हणून मी अशा सिनेमात आधी वजन बघते. पात्र बसलं की गादी दबते का? पळून आल्यावर धाप लागते का? तुमच्या सिनेमातलं धूड जमिनीवर उतरलं तेव्हा धूळ उडाली का, पाय रोवले गेले का, की खेळण्यासारखं अलगद टेकलं? 'उडतंच कसं' यापेक्षा 'उतरलं कसं' हे विचारलं असतंत, तर भाचा तुमच्याशी वाद घालायच्या ऐवजी उठून दाखवायला लागला असता.

आणि एक. हा चित्रपट करताना आपल्या डोळ्यांपुढे दहा वर्षांच्या मुली होत्या, मित्राच्या मुली, असं मियाझाकींनी सांगितलंय. त्याच चित्रपटाला २००२ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात मोठ्यांच्या चित्रपटांच्या रांगेत बसून गोल्डन बेअर, म्हणजे तिथलं पहिलं बक्षीस, विभागून मिळालं. पोरांसाठी म्हणून केलेलं काम कमी मापाचं असावं लागतं, हे बहिणीचं म्हणणं इथेच ढासळतं.

बोधाची तक्रार सोडून द्या, मामा. ही आपल्या सगळ्यांची शाळेपासूनची खोड, गोष्ट संपली की 'तात्पर्य' लिहायचं. पंचतंत्र आपण पोरांचं समजतो ना? विष्णुशर्म्याने ते राजपुत्रांना राज्यकारभार शिकवायला सांगितलं. पहिल्याच तंत्रात, मित्रभेदात, पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची जिवाभावाची दोस्ती. दमनक कोल्हा मध्ये चुगल्या करतो, सिंहाकडून बैलाला मारवतो आणि स्वतः राजाच्या शेजारी जाऊन बसतो. काढा तात्पर्य! गोष्ट दीड हजार वर्षं टिकली ती बोधामुळे नाही, दमनक कसा बोलतो त्यामुळे. सिनेमाच्या शेवटी कुणी चौथरा गाठून 'स्वतःवर विश्वास ठेवा' असं भाषण ठोकलं, तर मी उलट गुण कापते.

बडबडीची तक्रार पक्की. हलक्या हाताने केलेल्या ॲनिमेशनमध्ये पात्रं सतत बोलतात, कारण अख्खं अंग हलवण्यापेक्षा नुसतं तोंड हलवणं स्वस्त पडतं. दर दोन वाक्यांनी एक विनोद, तोही पोरांसाठी नाही, शेजारी बसलेल्या आईबापांना डोळा मारायला. लेखकाचा पोरांवर भरवसा नसला की असं होतं. दोन मिनिटं शांतता ठेवली तर पोरं उठून जातील, ही भीती. जात नाहीत. मी वर सांगितलेल्या 'स्पिरिटेड अवे'मध्येच पाण्यावरून जाणाऱ्या आगगाडीचा लांब प्रवास आहे, जवळजवळ कुणी बोलत नाही, आणि पोरं गप्प बसून खिडकीतून बघतात.

तरीही या तक्रारीतला काही भाग डबिंगच्या माथी मारा. आपल्याकडे असे सिनेमे बहुतेक हिंदीतच पोचतात आणि डब करणारे मधल्या शांततेत मुंबईच्या टपोरी भाषेतले विनोद भरतात. साडेपाच वर्षांच्या सांगलीच्या पोरीला त्यातलं निम्मं कळत नाही. ती हसते, कारण भाऊ हसतो. डब वाईट होता की सिनेमा, हे ठरवायचं असेल तर घरी एखादा प्रसंग आवाज बंद करून बघा. गोष्ट कळली तर चित्रकारांनी त्यांचं काम केलंय.

राहिला राक्षस. ही अर्धी तक्रार. पोरांना भीती वाटू नये असा सिनेमा करणं सोपं आहे, आणि तसा केला तर पोरंच तो विसरतात. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण आली की अख्खं थिएटर किंचाळतं, आणि घरी जाताना निम्मी पोरं तिच्यासारखंच बोलत असतात. घाबरवणं हा दोष नाही. घाबरवून मग पोराला तिथेच सोडून देणं, हा दोष. भीती संपल्यावर श्वास घ्यायला जागा ठेवली होती का, ते बघायचं.

पण भाची मांडीवर चढली याचा दोष सिनेमापेक्षा तुमच्याकडे जास्त जातो. तिकीट काढताना प्रमाणपत्र बघितलं होतं? २०२४ पासून सेन्सॉर बोर्डाने 'यूए'चे तीन भाग केलेत: ७+, १३+ आणि १६+. यूए ७+ म्हणजे सातच्या आतल्या पोराला दाखवायचं की नाही हे पालकाने ठरवायचं. तुमच्यासोबत साडेपाचची होती. आणि साधं 'यू' असलं तरी त्याचा अर्थ 'लहान मुलांसाठी' असा नाही, 'कुणीही बघावा' एवढाच. सिनेमा चांगला की वाईट हे त्या अक्षरात कुठेच लिहिलेलं नसतं. पोस्टरवर गोंडस प्राणी बघून तिकीट काढणारे आईबाप मी नेहमी बघते. निदान ट्रेलर तरी आधी एकट्याने बघावा.

बहिणीला माझ्याकडून एक सांगा. 'लहान मुलांचाच तर आहे' हे वाक्य तिने प्रेमाने म्हटलं, पण निर्माते तेच वाक्य हिशेबाने म्हणतात. पोरं काहीही बघतात, मग खर्च कशाला? आणि पोरं काहीही बघतात हे खोटंही नाही. रंग भडक असले, आवाज मोठा असला की पाच वर्षांचं पोर तोच भाग पुन्हा पुन्हा लावून बसतं. म्हणून पोराला आवडला म्हणजे सिनेमा चांगला, असं मी मानत नाही. पोर नेमकं कुठे चुळबुळतं ते मात्र बघते. पॉपकॉर्न कधी मागितलं, सू कधी लागली, 'आता काय होणार?' कधी विचारलं आणि 'संपत आला का?' कधी. तुम्ही पडद्यावरचं धूड मोजत बसलात. एकदा मान वळवून भाच्याकडे बघितलं असतंत, तर अर्धं परीक्षण तिथेच लिहिलेलं सापडलं असतं.

आता त्या गप्प झालेल्या पोराचं. माफी मागा असं मी सांगणार नाही, नऊ वर्षांच्या पोराला मोठ्यांच्या माफीचं करायचं काय तेच कळत नाही. त्याला काम द्या. फोनवर म्हणा, गोष्ट मला पुन्हा सांग, मला नीट कळली नाही. तो सांगेल तेव्हा मध्ये बोलू नका. कुठला भाग तो लांबण लावून सांगतो आणि कुठला 'मग ते झालं' म्हणून उडवतो, ते ऐका. मग विचारा, खडा दुपारी कसा चालला रे? आता तो प्रश्न आहे, रिक्षात तो टोमणा होता. बहुतेक त्याच्याकडे काहीतरी उत्तर तयार असेल, सावलीत धरला होता किंवा तसलं काही, आणि ते लेखकाच्या उत्तरापेक्षा बरं असायची शक्यता दाट आहे. पटलं नाही तर तसं सांगा, पण त्या खड्यापुरतंच. 'बकवास' हा शब्द त्याच्यासमोर नको, कारण सिनेमा बकवास म्हणजे तो आवडलेला मी बकवास, असंच त्याने ऐकलंय.

'काय शिकलास?' हे मात्र चुकूनही विचारू नका.

पत्राच्या शेवटी ता.क. म्हणून तुम्ही बारीक अक्षरात लिहिलंय, की ढगांतून खाली सूर मारतानाचा प्रसंग तुम्हालाही आवडला होता, पोटात गोळा आला होता, पण एवढं बोलून बसल्यावर आता ते घरात सांगायचं कसं? आणि छत्तिसाव्या वर्षी एकट्याने असा सिनेमा बघायला गेलं तर बरं दिसतं का?

जा की. तिकीट काढताना कुणी वय विचारत नाही. आणि तो सूर मारायचा प्रसंग भाच्याला आजच सांगा, बहिणीला नंतर सांगितलंत तरी चालेल. फोन आठच्या आत करा, नंतर सांगलीकडची पोरं जेवायला बसतात.